मोठ्या दाराचा आवाज

“मेलो,” सरूअक्का म्हणाली आणि तिनं गेमचा पॅड मांडीवर ठेवला.

आमच्या इचलकरंजीकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, त्यात नवल नाही. नवल हे की ती पहिल्याच खोलीत मेली होती. जो गेम तिनं इतकी वर्षं डोळे नसताना लोळवला होता, त्यात ती आज नवशिक्यासारखी पहिल्या दारातच आडवी झाली होती.

“परत लाव.”

मी परत लावला. दार उघडलं, ती दोन पावलं उजवीकडं गेली आणि थेट पाण्यात पडली. पुन्हा लावला तर भिंतीलाच धडका देत बसली.

“तुझ्या कॅसेटीत कायतरी घोळ आहे,” ती म्हणाली.

आता माझं डोकं तापलं. “घोळ? अक्का, पाच महिने ह्या कॅसेटीपायी दुकानात गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्यात मी. एक आवाज इकडचा तिकडं केलेला नाही. उलट सीडीपेक्षा भारी झालाय गेम!”

सरूअक्का गप्प बसली हीच एक बातमी होती.

हा प्रकार काय होता ते आधी सांगतो. मी सुकुमार चौगुले. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं माझं दुकान तेव्हाही होतं, आजही आहे. पण खरा नाद वेगळाच. जुन्या व्हिडिओ गेमच्या सीड्या असतात, त्यातला गेम काढायचा, चिपवर चढवायचा आणि त्याची कॅसेट करायची. गाण्याची कॅसेट नव्हे. मशीनच्या डोक्यात खुपसायची ती प्लॅस्टिकची डबी. सीडीवर चरे पडतात, ती वाचणारी लेन्स म्हातारी होते, पण कॅसेट नातवंडांपर्यंत टिकते. पुण्या-बंगलोरचे हौशी लोक माझ्याकडून असल्या कॅसेटी करून न्यायचे. गावात मात्र ह्या नादाची कदर असणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेली सरूअक्का हावळ.

तिचा धाकटा भाऊ दिनकरअण्णा तरुणपणी एका मोठ्या गिरणीत फिटर होता. नवे माग जोडायला शिकायला म्हणून मालकानं त्याला जपानला धाडलं. येताना लोक घड्याळं आणतात, रेडिओ आणतात. ह्यानं पोरांसाठी जुन्या बाजारातून एक गेमचं मशीन उचलून आणलं. दोन मजली मशीन. वर कॅसेटीचं तोंड, खाली सीडीचा ड्राइव्ह. सोबत सीडी एकच, तीही जपानी भाषेतली. पोरांना तो गेम काही झेपला नाही. झेपला तो अक्काला.

तिचे डोळे तेव्हा जायला लागले होते. आधी रात्रीचं दिसेना, मग आजूबाजूचं दिसेना, मग नळीतून बघितल्यागत समोरचं तेवढं उरलं. “नळीत टीव्ही बरोबर बसायचा बघ,” ती सांगायची. माहेरपणाला यायची तेव्हा त्या उरलेल्या नळीभर नजरेनं ती हा गेम शिकली. पुढं नळीही बंद झाली आणि ती खेळतच राहिली. सासरच्यांनी डोळ्यांपायी कायमचं परत धाडलं, तेव्हा येताना म्हणे ट्रंक नंतर उतरवली आणि आधी भावाला विचारलं, मशीन हाय न्हवं?

गेम म्हणजे पाण्याखाली बुडालेला एक किल्ला. कंदील आणि काठी घेतलेला एक कोळी त्यात उतरतो. दारं ढकलत, खोल्या ओलांडत तळाच्या मोठ्या दारापर्यंत जायचं. वाईटपणा असा की दर खेपेला दारामागची खोली बदलायची. काल जिथं घुबड होतं तिथं आज विहीर. जपानी अक्षरं कुणाला येत होती, म्हणून खोल्यांची नावं अक्कानंच पाडली होती. पाण्याची खोली, घुबडाची खोली. जिथं नुसतं थांबायचं आणि काही घडत नाही ती मामलेदार कचेरी. आणि आत पाऊल टाकताच चहूबाजूंनी मार पडतो ती खोली सासर.

मी तिला पहिल्यांदा खेळताना बघितलं तेव्हा टीव्ही दुरुस्तीला गेलो होतो. डोळे वर आढ्याला, बोटं पॅडवर, आणि पडद्यावरचा कोळी खड्डे चुकवत, घुबडाच्या चोचीखालून सरकत असा चाललेला, की मी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून तसाच उभा. मला दोन्ही डोळे धडधाकट असून सासर कधी पार करता आलं नाही. हे सगळं ती कानानं करायची. दाद द्यायला शब्द सुचेनात म्हणून मी त्या दिवशी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, तर तिनं मलाच झापलं.

आणि त्या ड्राइव्हची लेन्स मरायला टेकली होती. सीडी फिरायची, अडायची, पडदा काळाच राहायचा. तसली लेन्स कुठं मिळेना.

“सुकुमार, ह्याची कॅसेट करून दे मला,” ती म्हणाली होती. “बाकी कायबी गेलं तर जाऊ दे. घरात मी उठलो की कुणीतरी म्हणतंय, थांब अक्का, हात देतो. मोरीपर्यंत जायचं तरी हात. तिथं खाली किल्ल्यात मी एकटी हिंडतो. तेवढं ठेव माझं.”

असं बोलल्यावर कोण नाही म्हणणार? आणि मी कामाला लागायच्या आधी तिला नीट विचारलंही होतं. “अक्का, तू काय काय ऐकून खेळतेस ते सगळं सांग. त्यातलं एकही कमी होऊ देणार नाही.” तिनं सांगितलं. कोळ्याची पावलं, पाण्याचं ठिबकणं, घुबडाची फडफड, काठी भिंतीला लागल्याचा ठोका. मी एकेक आवाज चिपवर बसवला आणि दुकानात बोलावून तिला एकेक ऐकवला. तिनं एकेक पास केला.

वर माझ्याकडून एक बक्षीस. सीडीत काय व्हायचं, दर दाराला गेम अडायचा. पडदा काळा, ड्राइव्ह सीडीवरून पुढची खोली शोधून आणतोय, आपण बसलोय वाट बघत. माझ्या कॅसेटीत वाट बघणं नाही! दार ढकललं की खोली हजर. जपान्यांना जमलं नव्हतं ते इचलकरंजीच्या चौगुल्यानं केलं होतं. कॉलर ताठ करून मी कॅसेट लावली होती, आणि ती म्हणाली, मेलो.

त्यानंतर आठवडाभर अक्काकडून निरोप नाही. मग एक दिवस दिनकरअण्णा स्वतः दुकानात आले. गिरणी सोडून त्यांनी घरामागं स्वतःचे आठ माग टाकले होते. अंगावर सुताच्या तंतूंची फुणकी घेऊनच हिंडायचे. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “सुकुमार, अक्का बोलंना झालीया.”

“रुसली काय माझ्यावर?”

“रुसली असती तर बरं झालं असतं. मनगटी घड्याळ घेती, ह्या कानाला लावती, त्या कानाला लावती. दिवसभर तेच चाललंय. मिरजेच्या डोळ्याच्या डॉक्टरनं मागंच सांगितलं होतं, ह्या दुखण्यात काही जणांचे कानबी जातात म्हणून. आमी कुणी परत तो विषय काढला नव्हता. आता तिला वाटतंय, सुरुवात झाली.”

मी कॅसेटीचा विचार करत होतो आणि ती बाई कानांचा करत होती. कॅसेटीत सगळे आवाज आहेत हे तिनं स्वतः पास केलं होतं. मग गेम चुकत नसेल तर चुकतंय कोण? हिशेब सरळ होता तिचा.

“मिरजेला नाव नोंदवलंय कानाच्या डॉक्टरकडं,” अण्णा म्हणाले. “पण त्याच्या आधी तू एकदा बघ बाबा. तुझ्या डबड्यात दोष निघाला तर मी पेढे वाटीन.”

माझ्या कामात दोष निघावा म्हणून मी आयुष्यात एकदाच देव पाण्यात घातले, ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या सोप्यात टीव्ही, मागं भिंतीपलीकडं आठ माग खडाखडा चाललेले. अक्का स्वयंपाकघरात होती. “ये,” एवढंच म्हणाली आणि चहा ठेवला. एरवी ती मला ‘या इंजिनिअरसाहेब’ म्हणायची, कारण माझं डिप्लोमाचं एक वर्ष राहिलं होतं आणि ते तिला माहीत होतं.

मी कॅसेट काढून ठेवली. म्हटलं, आधी मूळ सीडी लावून बघू, मग तिच्याशी कॅसेट ताडून बघू. सीडी बऱ्याच खटपटीनं फिरली. तेवढ्यात अण्णांना सूतवाल्या व्यापाऱ्याचा फोन आला आणि ते तिथंच खुर्चीत बसून तावातावानं बोलायला लागले. मला हातानं खूण केली, आवाज बंद कर. मी टीव्हीचा आवाज पार शून्यावर आणला आणि मुकाट्यानं कोळ्याला घेऊन निघालो. पहिलं दार ढकललं. पडदा काळा झाला. ड्राइव्ह फिरायला लागला. मी वाट बघत बसलो.

आतून अक्का ओरडली, “सासरात शिरलास की रे! डावीकडं हो, डावीकडं, मरशील!”

मी पडद्याकडं बघितलं. पडदा काळाच होता. मग उजाडला आणि खरंच सासर! चारी बाजूंनी मार पडला आणि माझा कोळी मेला.

मी पॅड धरून बसलो. टीव्हीचा आवाज बंद. पडदा काळा. मलाच माहीत नव्हतं कुठली खोली येणार, आणि ही बाई भिंतीआड स्टोव्हसमोर उभी राहून, आठ माग चालू असताना, अण्णा व्यापाऱ्यावर ओरडत असताना, मला डावीकडं हो म्हणत होती.

“अक्का, तुला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? मशीन सांगतंय की.”

“टीव्ही बंद आहे. आवाज शून्यावर आहे.”

“टीव्ही न्हवं रे बाबा, मशीन. ते कुरकुरतंय न्हवं. सासर यायचं असलं की आधी घर्र करतंय, मग दोनदा टकटक. घुबडाला नुसतीच लांब कुरकुर. कचेरीला लई वेळ शोधत बसतंय, तिथंबी कामं उशिराच...” आणि बोलता बोलता ती थांबली. चहा उतू गेल्याचा वास आला.

अण्णांनी फोन तसाच ठेवून दिला.

तुम्ही बाहेरगावचे असाल तर म्हणाल, एवढी साधी गोष्ट दोघांना आधी कशी सुचली नाही? इचलकरंजीत राहून बघा. आमच्याकडं यंत्राच्या आवाजाला आवाज म्हणत नाहीत. पाहुणे मुक्कामाला आले की सकाळी लाल डोळ्यांनी सांगतात, त्या खडखडाटात झोप नाही लागली, आणि आम्ही खरोखर विचारतो, कसला खडखडाट? यंत्र चालतंय तर वाजणारच. अक्कानं लहानपणापासून मागावरच्या सुताच्या कांड्या भरल्या. बसल्या जागेवरून ती अण्णांना सांगायची, चौथ्या मागाचा पट्टा ढिला झालाय. पण त्याला ती ऐकणं म्हणायची नाही, ते ‘कळणं’ होतं. म्हणून मी विचारलं काय ऐकतेस, तेव्हा तिनं पावलं सांगितली, पाणी सांगितलं, घुबड सांगितलं. सीडीवर प्रत्येक खोलीची जागा वेगळी, म्हणून ती शोधतानाची ड्राइव्हची कुरकुरही वेगळी. आणि मी अक्कलवान, सीडी काढली, वाट बघणं काढलं, त्याबरोबर तिचा सगळा नकाशाच काढून टाकला.

“म्हणजे,” अक्का दारात येऊन म्हणाली, “कान चांगले हाईत माझे?”

“चांगले?” माझा आवाज चढला. “अक्का, असले कान अख्ख्या जिल्ह्यात नसतील!”

ती चौकटीला धरून खाली बसली आणि रडली. मोकळं, मोठ्यानं रडली. अण्णा तिच्याजवळ जाऊन नुसतेच उभे राहिले. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “मिरजेचं नाव काढून टाक, दिनू. आणि पेढे आण. आणि इंजिनिअरसाहेब, तुमचा चहा उतू गेलाय, आता अर्धा कपच मिळंल.”

साहेब म्हणाली तेव्हा मी सुटलो.

आता काम उलटं करायचं होतं. जे वाट बघणं काढण्यासाठी मी पाच महिने झिजलो होतो, ते परत बसवायचं. प्रत्येक दाराला जेवढं सीडी अडायची तेवढंच अडायचं, आणि प्रत्येक खोलीची तीच कुरकुर वाजवायची. मी माझ्या दुकानातल्या दुसऱ्या एका ड्राइव्हचे आवाज भरून नेले. अक्कानं पहिलाच ऐकला आणि हात झटकला. “हे भलत्याच मशीनचं हाय.” टीव्हीतून वाजवून बघितलं तर म्हणाली, “आवाज तिकडनं न्हाई यायचा, खालनं येतो.” म्हणजे मशीनच्या पोटात छोटा स्पीकर बसवायचा, आणि त्यात आवाज तिच्याच ड्राइव्हचे. प्रत्येक खोलीचे. ड्राइव्ह जिवंत आहे तोवर.

आणि इथं गाडी अडली. रेकॉर्ड करायला शांतता हवी. अक्काचे कान मागांच्या गोंगाटातून ड्राइव्ह वेगळा काढत होते, माझ्या माइकला ते कुठलं जमायला? माग थांबायचे ते आठवड्याच्या वीजबंदीच्या दिवशी. म्हणजे वीज असली की माग, आणि माग नसले की वीज नाही. मशीन चालवायचं कशावर? शेवटी दुकानातला इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या हातगाडीवर घालून नेल्या. इन्व्हर्टर पण गुणगुणतो म्हणून तो परसात ठेवला आणि लांब वायर सोप्यापर्यंत ओढली. टीव्हीला बॅटरी पुरायची नाही म्हणून टीव्ही लावलाच नाही; गेमचा आवाज मशीनच्या हेडफोनच्या भोकातून अक्काच्या एका कानात दिला.

“मला कशाला पाहिजे टीव्ही?” अक्का म्हणाली.

खरंच की. त्या दिवशी त्या खोलीत गेम कुणालाच दिसत नव्हता. आम्ही तिघंही आंधळे, आणि वाट फक्त तिला माहीत.

सकाळी नऊला वीज गेली. गाव एकदम खाली बसल्यासारखं झालं. मला अशा शांततेत कसंसंच होतं, कानात दडे बसल्यासारखं. मी छोटा माइक ड्राइव्हच्या अंगाला चिकटवला, कानाला हेडफोन लावले आणि मान हलवली. मग लक्षात आलं की तिला मान दिसत नाही. “सुरू कर,” म्हटलं.

ती खेळायला लागली.

काय सांगू तुम्हाला! मी मोठमोठे खेळाडू बघितलेत, बंगलोरच्या स्पर्धा बघितल्यात. त्या दिवशी जे ऐकलं ते परत नाही. दार ढकलायची, ड्राइव्ह कुरकुरायचा, कुरकुर संपली की ती खोलीचं नाव सांगायची आणि आत जायची. “विहीर.” बोटं टपटप. “घुबड. दिनू, हालू नको.” टपटप, टपटप. मध्येच गालातल्या गालात हसायची, मध्येच कुणाला तरी ‘मर मेल्या’ म्हणायची. सगळ्या खोल्या मिळायला हव्या होत्या, आणि खोल्या तर गेम मर्जीनं देणार. म्हणून ती पुढं जाऊन मुद्दाम मागं यायची, दुसरं दार घ्यायची, न आलेली खोली हुडकायची. एकदाही मेली नाही. मेली असती तर पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं, आणि लेन्सला तेवढं आयुष्य नव्हतं.

मध्येच कुठंतरी जनरेटर धडाडला. शेजारचे मुरदंडे मालक. बंदीच्या दिवशीही डिझेलवर माग चालवायचे. माझ्या हेडफोनात नुसता धुरळा.

“थांबव,” मी ओरडलो. अक्का बरोबर कचेरीत थांबली; तिथं कितीही थांबलं तरी काही होत नाही. अण्णा उठून गेले. थोड्या वेळानं जनरेटर बंद झाला. अण्णा आले, आणि त्यांच्या मागून मुरदंडे मालक, डोक्यावर टोपी घालून, चेहरा पाडून, चपला हळूच बाहेर काढून आत आले.

“कवा झालं?” त्यांनी मला हळूच विचारलं.

अण्णा त्यांना एवढंच म्हणाले होते, घरात आवाज नको, अक्काचं बघवत नाही. मुरदंड्यांनी समजायचं ते समजून घेतलं होतं. समोर बघतात तर अक्का मांडी घालून, पॅड हातात घेऊन बसलेली.

“मालक, मी हाय अजून,” ती म्हणाली. “बसा. आवाज करू नका.”

ते बसले. कशासाठी हे त्यांना कळलं नव्हतं, पण शेवटपर्यंत उठले नाहीत.

दुपारकडं ड्राइव्ह तापला. कुरकुर लांबायला लागली, घसा बसल्यासारखी. “दमलंय ते,” अक्का म्हणायची आणि कचेरीत जाऊन थांबायची. अण्णा पुठ्ठ्यानं वारा घालायचे. मुरदंड्यांनी आपली टोपी काढली आणि तेही घालायला लागले. पुन्हा दार, पुन्हा कुरकुर, पुन्हा नाव. एकेक करत सगळ्या खोल्या माझ्याकडं आल्या. राहिलं फक्त तळाचं मोठं दार. ते शेवटीच लागतं, आणि त्याला सीडी सगळ्यात जास्त फिरते.

“आता मोठं दार,” अक्का म्हणाली. आम्ही श्वास धरला.

तिनं दार ढकललं. ड्राइव्ह एकदा घरघरला, कण्हल्यासारखा चढला आणि खट्कन थांबला. मी वाट बघितली. पुन्हा सुरू केला, झाकण उघडून सीडी फिरवून बघितली, लेन्स पुसली. सीडी हलेना. संपलं होतं ते.

अक्कानं हात पुढं करून मशीनवर ठेवला. अजून गरम होतं.

“जाऊ दे अक्का,” मी म्हणालो. “सगळ्या खोल्या मिळाल्या. एका दाराला दुसऱ्या कशाचातरी आवाज लावू.”

“दुसऱ्याचा लावलास तर मी दुसरीकडं जाणार न्हवं का रे? एवढं तळापर्यंत जायचं आणि दारात खोटं ऐकायचं?” तिनं मशीनवरचा हात उचलला. मग म्हणाली, “माइक हिकडं आण.”

“कशाला?”

“आण म्हणतो न्हवं.”

मी माइक तिच्या तोंडाजवळ धरला. तिनं घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि दात आवळून सुरुवात केली. “घर्रर्रर्र... टक्. घर्रर्रर्रर्र...” आवाज वर चढला, तिथं थरथरला, मग जिभेनं तीनदा टाळू वाजवली आणि श्वासानं सीडी थांबल्याची हवा सोडली. मुरदंडे मालक तिच्याकडं बघतच राहिले. अण्णांनी तोंडावर हात धरला.

मी ऐकवलं. “न्हाई,” ती म्हणाली. “शेवटचं टक् जरा उशिरा येतंय. परत घे.” परत घेतलं. “मधी दम लागला मला, मशीनला कधी दम लागतोय व्हय? परत.” शेवटी घशाची चाळण झाली तेव्हा एक टेक तिला पटला. तो ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तो आवाज ‘आवाज’ आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि तो तिच्यात टकटकीसकट बसला होता.

दोन-अडीच महिन्यांनी कॅसेट झाली. मशीनचा खालचा मजला रिकामा केला, मेलेल्या ड्राइव्हच्या जागी तळहाताएवढा स्पीकर बसवला आणि एका भर दुपारी घेऊन गेलो. अक्का मांडी घालून बसली. मागं आठही माग चालू. मी कॅसेट खुपसली आणि बाजूला झालो. ह्या खेपेला भारी-बिरी काही म्हणालो नाही.

पहिलं दार. पडदा काळा. मशीनच्या पोटात कुरकुर झाली. “विहीर,” ती म्हणाली, आणि टीव्हीवर विहीर उजाडली. मला तर नाचावंसं वाटलं. घुबड, पाणी, कचेरी. सासरातनं तर ती अशी सटकली की मी टाळीच वाजवली. “गप बस,” ती म्हणाली, पण तोंडभर हसत होती. बोटं थांबत नव्हती. कोळी कंदील घेऊन खाली, खाली, आणखी खाली चालला होता.

अण्णा मागच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. कोळी शेवटच्या जिन्यावर आला तेव्हा ते वळले आणि कारखान्यात गेले. मग एक माग थांबला. मग दुसरा. वीज असताना, धोटा फिरत असताना, आमच्या गावात कुणी हातानं माग थांबवत नाही. घरात मयत झाली तरी आधी बाहेरचे लोक विचारतात, माग कुणी बंद केले? अण्णांनी आठही थांबवले आणि पाय न वाजवता परत येऊन दारात उभे राहिले.

घर एकदम रिकामं झालं. अक्काचा अंगठा बटणावर होता. मोठं दार समोर होतं. ती दाबणार तोच तिनं मान वर केली.

“दिनू, माग का थांबवलेस?”

अण्णा दारातूनच म्हणाले, “तुला नीट... म्हटलं, तुला नीट ऐकू यावं...”

“चालू कर,” ती म्हणाली. “सगळे चालू कर. मला ऐकू येतंय.”

अण्णा डोळे पुसत मागं गेले. पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग आठही. आठही मागांचा खडखडाट घरभर भरला, तेव्हा अक्कानं दार ढकललं.